होणार पण नाही [संदर्भ हवा]

"मटार सोलून देता का?" असं विनिताबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आनंद बेहेरे एका लेखाला रोप म्हणावं की अंकुरच ठेवावं या पेचात पडले होते.

लेख त्यांचा नव्हता. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर बेहेरे घरातल्या डब्यांवर लेबलं लावू लागले, तेव्हा घाबरून त्यांच्या मुलीने त्यांना जनकोश दाखवला. इंटरनेटवरचा फुकटचा ज्ञानकोश. "बाबा, इथे कोणीही लेख लिहू शकतं आणि कोणीही तपासू शकतं," असं ती म्हणाली. बेहेऱ्यांनी त्यातलं लिहायचं सोडून दिलं आणि तपासायचं धरलं. आता ते 'संगीत स्पर्धा' या दालनाचे तपासनीस होते. हौशी लोकांनी लिहिलेले लेख वाचायचे आणि त्यांना दर्जा द्यायचा. अगदीच कच्चा असेल तर अंकुर, बरा असेल तर रोप, चांगला असेल तर झाड आणि सर्वोत्तम असेल तर वड. दालनात वड एकही नव्हता. बेहेऱ्यांच्या हाताखाली वड होणं सोपं नव्हतं.

स्वतः ते गाण्याच्या स्पर्धेला आयुष्यात एकदाही गेले नव्हते. गर्दी, घाम आणि वेळ न पाळणारे पाहुणे त्यांना सोसत नसत. कोणी याबद्दल टोकलं तर ते विचारत, "खुनाचा निकाल द्यायला न्यायाधीशाने आधी एक खून करून बघावा लागतो का?"

"अहो, मटार."

"एक मिनिट. हे बघ काय लिहिलंय." त्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं. "'बाळकुम हळदीगीत स्पर्धा दर वर्षी माघात भरते. लग्नाच्या हळदीला बायका जी गाणी म्हणतात, त्यांची ही स्पर्धा. पहिल्या वर्षी पहिला नंबर तुळसाबाई भोईर यांचा आला. तिच्यासारखी गाणारी अख्ख्या खाडीला झाली नाही आणि होणार पण नाही.' आता याला काय म्हणायचं?"

"छान लिहिलंय की."

"छान? 'झाली नाही' याला पुरावा काय? आणि 'होणार पण नाही' म्हणजे कहरच. भविष्यकाळाला संदर्भ कुठून आणणार?"

त्यांनी तीन ठिकाणी 'संदर्भ हवा' अशी खूण ठोकली, लेखाला अंकुर दिला आणि चर्चेच्या पानावर लिहिलं: 'पहिल्या क्रमांकाच्या विधानास संदर्भ नाही. संदर्भ छापील असावा, स्वतंत्र असावा आणि कोणालाही पाहता येईल असा असावा. पंधरा दिवसांत न मिळाल्यास विधान वगळण्यात येईल.' खाली पूर्ण नाव: आनंद बेहेरे, डोंबिवली पूर्व. टोपणनाव घेऊन लिहिणारे लोक त्यांना भित्रे वाटत.

"तुमच्या आई मला म्हणालेल्या, आमचा आनंद घरकामात हुशार आहे," विनिताबाई मटारची पिशवी समोर आपटत म्हणाल्या.

"याला संदर्भ?"

"तो आता स्वर्गात आहे. सोला."

बेहेरे सोलायला बसले. त्यांच्या आयुष्यात दोनच आनंद होते. एक संदर्भ मागणं आणि दुसरा, रस्त्यावरच्या बेकायदा बॅनरांचे फोटो काढून पालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकणं. या दोन गोष्टींची कधी गाठ पडेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

खाडीकाठच्या बाळकुमात आता गाव शोधावं लागतं. तुळसाबाईंनी तरुणपणी ज्या खाचरात भात लावला, त्याच खाचरावर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर त्या आता राहत होत्या. नात निशिगंधा बँकेत होती. लेख तिने लिहिलेला. त्या संध्याकाळी तिने आजीला बेहेऱ्यांचा निरोप वाचून दाखवला.

"त्यो कोन बेहेरे? त्यो व्हता का तवा?" तुळसाबाईंनी विचारलं.

"नव्हता गं आजी. तो डोंबिवलीचा आहे."

"मंग त्याला कसा म्हाईत, मी पयली नाय आली ती?"

"तो तसं नाही म्हणत. तो म्हणतो, पुरावा द्या."

"पुरावा काय? मी हाय नं जिती."

गंमत वाटावी असं हे बोलणं, पण तुळसाबाईंचा चेहरा पडला होता. यंदा स्पर्धेचं पन्नासावं वर्ष. पहिल्या वर्षीच्या पहिलीने नारळ फोडून सुरुवात करायची, असं कमिटीने ठरवलेलं. तुळसाबाईंनी त्यासाठी हिरवं लुगडंसुद्धा काढून ठेवलेलं. स्पर्धेचे जुने कागद पुरात गेलेले, त्यामुळे अध्यक्ष म्हणाले होते, "नेटवर जे हाय तेच पत्रिकेत छापू, म्हंजे नंतर कोनी भांडाला नको." म्हणजे बेहेऱ्यांनी ते वाक्य वगळलं की तुळसाबाईंचा नारळ गेला. बक्षिसाचा पितळी हंडा दाखवावा, तर तो त्यांच्या मुलाने लहानपणी विहिरीत पाडलेला आणि विहिरीवर आता पार्किंग होतं.

हा मुलगा म्हणजे निशिगंधाचा बाप, रघुशेठ. गावात बारसं असो की नवी गाडी, रघुशेठच्या बॅनरशिवाय ती झाली असं कोणी मानत नसे. आईचं तोंड उतरलेलं बघून तो उठला. "निशे, त्याला काय पायजे ते परत वाच."

"छापील, आणि कोणालाही पाहता येईल असं."

"छापील. आनि सगल्यांना दिसंल असा," रघुशेठने घोळवून म्हटलं. "मंग यात कठीन काय हाय?"

"पप्पा, नको. त्याचा अर्थ तसा नाहीये."

पण रघुशेठ तोवर लिफ्टमध्ये होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकुम नाक्यावर वीस फुटी फ्लेक्स झळकला. 'पहिल्या वर्षीचा पहिला नंबर: आमच्या मातोश्री तुळसाबाई भोईर. छापील संदर्भ.' कोपऱ्यात तुळसाबाईंचा फोटो, मध्यभागी त्याच्या तिप्पट रघुशेठचा, गॉगल लावून फोनवर बोलताना, आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग.

निशिगंधाने कपाळावर हात मारला. मग विचार केला की नियमात तर बसतंय, आणि बॅनरचा फोटो काढून लेखाला संदर्भ म्हणून जोडला.

बेहेऱ्यांनी तो पाहिला तेव्हा चहा त्यांच्या नाकात गेला. आपल्या ज्ञानकोशात बॅनर. त्यांनी लगेच उत्तर लिहिलं: 'हा संदर्भ स्वतंत्र नाही. तो विजेत्याच्या घरच्यांनीच लावला आहे. भोईर कुटुंबाशी नाते नसलेल्या, शक्यतो परगावच्या व्यक्तीने छापलेला मजकूर हवा.'

"परगावचा?" रघुशेठ खूश झाला. "आपला धाकू हाय नं मानपाड्याला."

धाकू केणे म्हणजे डोंबिवलीच्या मानपाड्याचा, गाळे भाड्याने देणारा, अंगाने दांडगा आणि स्वभावाने गरीब. रघुशेठची आणि त्याची ओळख बैलांच्या शर्यतीतली. रघुशेठने फोनवर मजकूर सांगितला आणि म्हणाला, "तू आमचा कोनी नाय. म्हनून तूच लाव."

"झालं समजा, शेठ," धाकू म्हणाला. फोन ठेवून तो घरात गेला तर आई बोंबील साफ करत बसलेली. धाकूला काहीतरी आठवलं.

"आई, तू पण बाळकुमच्या त्या गाण्याच्या स्पर्धेला गेलेलीस ना?"

"गेलती नं," मालनबाई मान वर न करता म्हणाल्या.

"कितवी?"

"पयलीच."

आता मराठीत स्पर्धाही बाईच असते आणि आईही. मालनबाईंना वाटलं, लेक विचारतोय कितवी स्पर्धा. त्यांनी खरं ते सांगितलं. धाकूला वाटलं, आई पहिली आली आणि इतकी वर्षं बोलली नाही. त्याचा ऊर भरून आला. सख्खी आई घरात पहिली बसलेली असताना आपण दुसऱ्याच्या आईचा बॅनर लावायला निघालो होतो, याची त्याला लाज वाटली. त्याने रघुशेठचा मजकूर रद्द केला आणि मानपाडा रोडवर, नेमका बेहेऱ्यांच्या सोसायटीसमोर, स्वतःचा बॅनर चढवला. 'पहिल्या वर्षीची खरी पहिली: मालनबाई केणे, मानपाडा.'

सकाळी फिरायला निघालेल्या बेहेऱ्यांनी बॅनर पाहिला आणि सवयीने तक्रारीसाठी मोबाइल काढला. मग त्यांनी मजकूर वाचला आणि बोट तसंच हवेत राहिलं. हा काही साधा बेकायदा बॅनर नव्हता, हा विरुद्ध बाजूचा संदर्भ होता. ते फिरणं सोडून घरी परतले आणि लेखाच्या डोक्यावर लाल चौकट चढवली: 'या लेखातील माहिती वादग्रस्त आहे.'

'काका, परगावच्याने छापलेलं हवं असं तुम्हीच म्हणालात ना,' निशिगंधाने चर्चेच्या पानावर लिहिलं.

'परगावच्यानेच छापले आहे,' बेहेऱ्यांनी उत्तर दिलं. 'फक्त उलटे छापले आहे.'

ती लाल चौकट बाळकुमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरली. रघुशेठने धाकूला फोन लावला आणि दोघांनी एकमेकांच्या बैलांपासून सुरुवात करून बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. मग बॅनरांना ऊत आला. बाळकुमात 'परक्याच्या हळदीत नाचणाऱ्यांनो सावधान' लागला, तर मानपाड्यात 'खाडी कोणाच्या बापाची नाही'. दोघांच्या मातोश्रींचे फोटो दर बॅनरला मोठे होत गेले. रघुशेठने तर आईसाठी स्वतःचा फोटो लहान केला, गावात हे पहिल्यांदाच घडत होतं. आणि शेवटी दोन्हीकडच्या बॅनरांवर खाली एकच ओळ आली: 'मा. आनंद बेहेरे साहेब, न्याय द्या.'

"भाजीवाली विचारत होती, साहेब निकाल कधी देणार," विनिताबाई पिशवी ठेवत म्हणाल्या. "कोथिंबीर फुकट दिली मला. ती कोणाच्या बाजूची आहे ते कळेना, म्हणून परत केली."

"बरं केलंस. तपासनिसाने तटस्थ राहायला हवं."

"तटस्थ कसले, अख्खी डोंबिवली तुम्हाला ओळखते आता. वॉचमनने आज सलाम केला. आत्तापर्यंत तो तुम्हाला कुरिअरवाला समजायचा."

बेहेऱ्यांनी नापसंतीने मान हलवली, पण संध्याकाळी खाली जाताना इस्त्रीचा शर्ट घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "सर, मी नयन बोलतोय, साप्ताहिक 'खाडीवार्ता'मधून. तुम्ही संगीताचे ज्येष्ठ अभ्यासक ना?"

कोणी ज्येष्ठ म्हटलं की बेहेरे विरघळत आणि अभ्यासक म्हटलं की वाहू लागत. त्यांनी नयनला ज्ञानकोश म्हणजे काय, संदर्भ म्हणजे काय, तटस्थता म्हणजे काय, हे सगळं समजावलं. नयनला छापायला एक ओळ हवी होती. तो मधूनमधून "बरोबर सर" म्हणत राहिला.

"पण सर, मुद्द्याचं सांगा ना. पहिलं कोण?"

"लिहून घ्या," बेहेरे उभे राहिले. "तुळसाबाई पहिल्या आल्या होत्या,"

आणि ओट्यावरच्या कुकरने शिट्टी दिली. बेहेऱ्यांच्या घरातला कुकर जुना होता, त्याची शिट्टी खालच्या मजल्यावरसुद्धा मोजत. ती चालू असताना बेहेरे म्हणाले, "असे म्हणायला आज कोणताही आधार नाही." शिट्टी थांबली तेव्हा वाक्यही संपलं होतं.

"वा, सर. एकदम स्पष्ट बोललात," नयन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

'खाडीवार्ता'चा अंक निघाला तेव्हा पहिल्या पानावर मथळा होता: 'तुळसाबाई पहिल्या आल्या होत्या! ज्येष्ठ संगीत अभ्यासक आनंद बेहेरे यांचा निर्वाळा.' बेहेऱ्यांनी मथळा दोनदा वाचला. ते संगणकाकडे धावेपर्यंत निशिगंधाने बातमी लेखाला जोडली होती. संदर्भ छापील होता. स्वतंत्र होता. परगावच्या माणसाचा होता. स्टेशनवर पाच रुपयांत कोणालाही पाहता येत होता.

त्यांनी चर्चेच्या पानावर लिहिलं: 'मी असे म्हणालो नव्हतो.'

उत्तर लगेच आलं. 'काका, संदर्भ हवा.'

'अहो, मी स्वतः सांगतो आहे.'

'स्वतःबद्दल स्वतःच केलेला खुलासा धरत नाहीत. छापील असेल तर द्या. दालनाचे नियम, चौथा. तुम्हीच लिहिलाय.'

बेहेऱ्यांनी नियम उघडून पाहिले. लिहिला होता. एका गायकाच्या वडिलांनी फार छळलं होतं तेव्हा, चांगला तासून, पळवाट न ठेवता लिहिला होता. विनिताबाईंनी मागून सगळं वाचलं आणि त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

त्याच संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात धाकू केणे उभा, दार भरून. बेहेरे दोन पावलं मागे सरले. धाकूने आधी वाकून नमस्कार केला, मग म्हणाला, "काका, पेपरात माझ्या आईला दुसरी केलीत."

"मी नाही केली. कुकरने केली."

"कोण कूकर?"

"म्हणजे मी म्हणालो होतो की आधार नाही, पण शिट्टी..."

"ते मला नाय कळत, काका. उद्या बाळकुमला स्पर्धा आहे. कमिटीने तुम्हाला प्रमुख पाहुणे केलंय, रघुशेठ आणि मी दोघं पण तयार झालो. तुम्ही तिथं आईच्या तोंडावर सांगा, ती पहिली का दुसरी. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन. फक्त तिच्या तोंडावर सांगा."

"मला गर्दीचा जरा त्रास होतो," बेहेरे म्हणाले.

"येतील ते," विनिताबाई आतून म्हणाल्या. "मी पण येते. गाडी किती वाजता आणाल?"

गाडीत पुढे धाकू आणि बेहेरे, मागे विनिताबाई आणि मालनबाई. वाटेत धाकूने गॅस भरायला गाडी पंपावर घेतली. सीएनजी भरताना गाडीत बसू देत नाहीत, म्हणून तिघं उतरून कडेला उभे राहिले आणि धाकू गाडीबरोबर रांगेत गेला. तेवढा आडोसा मिळताच मालनबाई बेहेऱ्यांजवळ सरकल्या.

"साहेब, एक सांगू का? पयला नंबर तिचाच. मी दुसरी."

बेहेऱ्यांनी लगेच विचारलं, "मग तुम्ही मुलाला सांगितलं का नाही?"

"मना बॅनर लागल्यावर कललं. त्यो एवढा खूश व्हता नं. लोकांना हाताला धरून न्यायचा, बघा माझी आई म्हनून." मालनबाईंनी पदर सारखा केला. "आनि फोटो बरा आलाय माझा. माझ्या लग्नाच्या फोटोत पन माझे डोले मिटलेले. या बॅनरवर पयल्यांदा उघडे आलेत. म्हटलं, ऱ्हाऊ दे दोन दिस."

विनिताबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. बेहेऱ्यांना मात्र वेगळंच सुचलं. ज्याच्यासाठी इतकं रामायण झालं, तो पुरावा त्यांच्यासमोर नऊवारीत उभा होता. "तुम्ही हे लिहून द्याल का?"

"मना लिवता येत नाय."

"मग कठीण आहे. तोंडी आमच्याकडे धरत नाहीत."

"मंग ऱ्हाऊ दे," मालनबाई सहज म्हणाल्या आणि गाडीकडे निघाल्या. बेहेरे तिथेच उभे. पेपरात छापलेलं त्यांचं न बोललेलं वाक्य चालत होतं, आणि जिला सगळं ठाऊक होतं त्या बाईच्या तोंडचं खरं वाक्य चालत नव्हतं. आपल्या नियमांत कुठेतरी गडबड आहे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटून गेलं.

बाळकुमच्या मैदानात मांडव भरून बायका बसलेल्या. पिवळ्या साड्या, अबोलीचे गजरे, पोरांचा कालवा. स्टेजच्या एका बाजूला रघुशेठची माणसं, दुसऱ्या बाजूला धाकूची. तुळसाबाई हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, निशिगंधाचा हात घट्ट धरून. पत्रिकेत कमिटीने हुशारीने छापलेलं, 'नारळ: पहिल्या वर्षीची विजेती', नाव न घालता. अध्यक्षांनी तुळसाबाई आणि मालनबाई दोघींना वर बोलावलं आणि नारळ बेहेऱ्यांच्या हातात दिला.

"साहेबांनी द्यावा, ज्याला द्यायचा त्याला," असं म्हणून ते स्वतः खाली उतरून गर्दीत मिसळले.

बेहेऱ्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. खरं काय ते त्यांना माहीत होतं. पण ते बोलायचं म्हणजे एका म्हाताऱ्या बाईला तिच्या लेकासमोर उघडं पाडायचं, आणि न बोलायचं तर दुसरीचा नारळ जातो. त्यांनी माइक धरला. "उपलब्ध संदर्भांचा विचार करता," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढे काय ते त्यांना सुचेना. माइक चालूच राहिला. म्हणून शेजारी चाललेलं बोलणं सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"ए मालन, तूच नं ती, मधीच कडवा विसरलेली?" तुळसाबाई विचारत होत्या.

"विसरले म्हनून तर तू पयली आलीस," मालनबाई म्हणाल्या. मग तुळसाबाईंचं हिरवं लुगडं त्यांना दिसलं. त्यांनी बेहेऱ्यांच्या हातातला नारळ सरळ काढून घेतला आणि तुळसाबाईंना दिला. "फोड, बाय. पयली तूच."

धाकू स्टेजपाशी आला. "आई, तू तर म्हणालीस पयलीच."

"स्पर्धा पयली म्हनाली रं, पोरा. नंबराचा तू इचारलास कवा?"

धाकूने मनात तो सवाल-जवाब पुन्हा म्हणून पाहिला. मग त्याच्या पोटातून जे हसू आलं ते थांबेचना, आणि तो रघुशेठच्या गळ्यात पडला. रघुशेठ आधी गुदमरला आणि मग हसू लागला. नारळ फुटला, त्याचं पाणी बेहेऱ्यांच्या इस्त्रीच्या पँटवर उडालं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग बायकांनी दोघींना गायला लावलं. पेटी नाही, तबला नाही, नुसत्या टाळ्या. तुळसाबाईंनी गाणं उचललं. हळदीला आधी देवांना बोलवायचं, मग खाडीला, मग घरातून गेलेल्या माणसांना, नाव घेऊन घेऊन. आवाज पिकलेला होता पण कुठे हलत नव्हता. मालनबाईंनी साथ धरली आणि मधेच थबकल्या. त्या पुन्हा तेच कडवं विसरल्या. तुळसाबाईंनी त्यांच्याकडे बघून हसत ते कडवं स्वतः उचललं आणि त्यांच्या ओठांवर आणून ठेवलं. मांडवातल्या बायका डोळे पुसत टाळ्या देत होत्या. विनिताबाई केव्हाच त्यांच्यात जाऊन बसल्या होत्या.

बेहेऱ्यांनी आयुष्यात चाळीसेक गायन स्पर्धांना दर्जा दिला होता. आज त्यांच्या अंगावर काटा आला आणि त्यांना फार आनंद झाला. त्यांचे डोळे मिटले, एक हात आपोआप वर गेला आणि तोंडातून "वा" निघाला, तो त्यांनी थांबवला नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी जनकोश उघडला. लेखाला अंकुरावरून रोप केलं. एकदम झाड केलं असतं तर पक्षपात दिसला असता. लाल चौकट काढली. 'पहिला नंबर' आणि 'झाली नाही' यांपुढच्या खुणा काढल्या. मग ते 'होणार पण नाही' पाशी आले. तिथली 'संदर्भ हवा'ची खूण काढली आणि बदलाचं कारण लिहायच्या रकान्यात दोनच शब्द लिहिले: 'स्वतः ऐकले.'

तासाभराने निशिगंधाचं उत्तर आलं. 'काका, थँक्यू. पण स्वतः ऐकलेलं धरत नाहीत. छापील हवं. तुमचा रेकॉर्ड खराब नको व्हायला. पप्पांना सांगितलंय मी.'

शेवटचं वाक्य बेहेऱ्यांना कळलं नाही. ते दुसऱ्या दिवशी विनिताबाईंनी बाल्कनीतून हाक मारली तेव्हा कळलं. सोसायटीसमोर, मालनबाईंच्या बॅनरच्या शेजारी, तेवढाच मोठा नवा फ्लेक्स लागला होता. डोळे मिटलेले, हात वर, तोंड अर्धं उघडं आणि चेहऱ्यावर विमा कंपनीत कधी न दिसलेला आनंद, असे बेहेरे वीस फुटांवर पसरले होते. खाली लिहिलं होतं: '"तुळसाबाईंसारखी गाणारी अख्ख्या खाडीला झाली नाही आणि होणार पण नाही." मा. आनंद बेहेरे, ज्येष्ठ अभ्यासक, डोंबिवली पूर्व. स्वतंत्र छापील संदर्भ. सौजन्य: धाकू केणे. रघुशेठ भोईर यांचा या बॅनरशी काहीही संबंध नाही.'

दोघं नवरा-बायको कठड्याला टेकून बघू लागले.

"हे तरी तुम्ही म्हणालात का?" विनिताबाईंनी विचारलं.

"हे म्हणालो. गाडीत, परत येताना, धाकूला. तू झोपली होतीस."

"संदर्भ?"

बेहेऱ्यांनी समोर बोट दाखवलं.

विनिताबाई हसल्या. मग त्यांनी आत जाऊन त्यांचा मोबाइल आणला आणि पालिकेचं अ‍ॅप उघडून त्यांच्या हातात दिला. "घ्या. पक्का बेकायदा आहे, परवानगीचा नंबरसुद्धा नाही त्याच्यावर. टाका तक्रार."

बेहेऱ्यांनी मोबाइल घेतला. बॅनरचा फोटो काढला. तो मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा करून पाहिला, आणि मोबाइल हळूच खिशात घातला.

"राहू दे दोन दिवस," ते म्हणाले. "फोटो बरा आलाय."